पायलट टिकत नाही, ओंडक्यांवर काजळी धरते: गॅस फायरप्लेसची दुखणी कशी ओळखायची

अमेरिकेत, मिनेसोटात दिवाळी येते तोवर झाडं पार उघडी झालेली असतात आणि रात्री पारा शून्याखाली जायला लागतो. फराळाचा वास अजून घरात असतो आणि ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. "अगं, फायरप्लेस पेटतच नाहीये. पायलट लागतो, पण बटण सोडलं की विझतो. काय करू?" पायलट म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत.

हे मला विचारतात, कारण आमच्या घरात एकदा यावरून जिवावर बेतलं होतं. घर घेतलं त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. आईला थंडी सोसेना म्हणून संध्याकाळभर फॅमिली रूममधली गॅसची फायरप्लेस चालू ठेवली. साडेनऊच्या सुमाराला आई म्हणाली, डोकं फार दुखतंय, मळमळतंय. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण असेल. तेवढ्यात जिन्यातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. होतो तसे, कोट अंगावर टाकून, चौघंही अंगणातल्या बर्फात जाऊन उभे राहिलो आणि ९११ला फोन केला. नंतर कळलं की चिमणीचा डँपर, म्हणजे तिची वाट उघडणारा-मिटणारा पत्रा, अर्धा मिटलेला होता. तो कायम उघडा राहावा म्हणून एक लोखंडी क्लिप बसवायची असते, ती आधीच्या मालकांनी कधी बसवलीच नव्हती आणि घर तपासायला आलेल्या माणसाच्याही नजरेतून ते सुटलं होतं. त्यानंतर मी हे यंत्र नीट समजून घेतलं.

ज्योत वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेगडीची ज्योत पिवळी व्हायला लागली, पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं, की बर्नर साफ करायचा, हे आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक असतं. फायरप्लेसलाही तीच नजर लागते. फक्त इथे एक गोष्ट उलटी आहे: नकली ओंडक्यांवरची पिवळी ज्योत मुद्दाम तशी केलेली असते, लाकडाच्या जाळासारखी दिसावी म्हणून. त्यामुळे मुख्य ज्योतीच्या रंगावरून घाबरायचं नाही. बघायची ती पायलटची ज्योत आणि काजळी.

आधी हे

कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुढचं काहीही वाचू नका. दिवा लावू नका, बंद करू नका, फोनही घरात वापरू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ला किंवा गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. नळातून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, वर जातो. गावाबाहेरच्या घरांत टाकीतून येणारा प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि बेसमेंटमध्ये साचतो. म्हणून प्रोपेन असेल तर वाकून जमिनीजवळही वास घ्यायचा.

कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ अलार्म हवा. अलार्मलाही आयुष्य असतं, साधारण ५ ते १० वर्षं. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते, ती आजच बघून घ्या.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

गॅसचे ओंडके म्हणजे सिरॅमिक फायबरचे किंवा सिमेंटचे, लाकडासारखे रंगवलेले तुकडे. जळतो तो त्यांच्या खालचा बर्नर. पण दिसायला सारखी असलेली ही यंत्रं मुख्यतः तीन वेगवेगळ्या जातींची असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला घातक ठरू शकतो.

समोर पक्की बसवलेली काच असेल आणि घराच्या भिंतीबाहेर एक जाळीदार टोपी दिसत असेल, तर ती डायरेक्ट व्हेंट. ती हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर टाकते, खोलीशी तिचा संबंध नाही.

समोर उघडी जाळी, आत विटांची खरी चिमणी आणि वर डँपर असेल, तर ते चिमणीतले व्हेंटेड ओंडके. आमच्याकडचे हेच. हे पेटलेले असताना डँपर उघडा असायलाच हवा.

तिसरी जात व्हेंट-फ्री. हिचा धूर बाहेर जातच नाही, जळण खोलीतच होतं. कॅनडात आणि कॅलिफोर्नियात ही घरात लावायला परवानगी नाही, इतर अनेक राज्यांत चालते. हिच्या पायलटमध्ये प्राणवायू मोजणारी सोय असते: हवेतला प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस आपोआप बंद होतो.

खात्री नसेल तर खालची झडप उघडून आत बघा. धातूची पट्टी किंवा साखळीला लावलेला पत्रा असतो, त्यावर मॉडेल, गॅसचा प्रकार आणि जात लिहिलेली असते. त्याचा फोटो काढून ठेवा. मॉडेलच्या नंबरावरून कंपनीची पुस्तिका इंटरनेटवर सहसा मिळते, आणि खाली मी दिलेल्या आकड्यांत आणि पुस्तिकेत फरक असेल तर पुस्तिका खरी.

पायलट पेटतच नाही

सगळ्यात आधी गॅस येतोय का ते बघा. फायरप्लेसच्या शेजारी जमिनीत किंवा भिंतीत किल्लीने फिरवायचा व्हॉल्व्ह असतो, तो कुणीतरी उन्हाळ्यात बंद केलेला असतो. आतल्या नळीवरही एक छोटी दांडी असते. ती नळीच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद.

आता ओळीने करा. नॉब 'ऑफ'वर आणून पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं चुकवू नका, आत साचलेला गॅस त्यात निघून जातो. जमिनीजवळ वास घ्या. वास नसेल तर नॉब 'पायलट'वर फिरवून आत दाबा आणि दाबून धरूनच ठिणगीचं बटण टकटक दाबत राहा. उन्हाळाभर बंद असलेल्या नळीत हवा भरलेली असते. ती बाहेर पडून गॅस पोचायला एक-दोन मिनिटं लागू शकतात. बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात.

ठिणगीच दिसत नसेल तर खोलीत अंधार करून बघा. ठिणगीची सळई आणि पायलटचं तोंड यांत साधारण ३ मिलिमीटर अंतर हवं. ठिणगी भलतीकडेच उडत असेल तर तार सैल झालेली किंवा चिनी मातीचं आवरण तडकलेलं असतं. काही ठिकाणी ठिणगीला बॅटरी लागते, ती बदलून बघा.

ठिणगी आहे, गॅस आहे, तरी पेटत नाही, किंवा ज्योत मोहरीएवढीच येते: मग पायलटच्या तोंडाशी धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे. गॅस बंद करून, सगळं थंड झाल्यावर, संगणक साफ करायचा हवेचा डबा घेऊन फुंकर मारा. शेगडीच्या बर्नरला आपण पिन घालतो, तशी इथे घालायची नाही. ते भोक मोजून पाडलेलं असतं. ते किंचित मोठं झालं तरी ज्योतीचं माप बिघडतं.

पायलट लागतो, बटण सोडलं की विझतो

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सावकाश सांगते.

पायलटच्या ज्योतीत एक पातळ धातूची कांडी बुडालेली असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ती तापली की २५-३० मिलिव्होल्ट एवढीशी वीज तयार करते, आणि त्या विजेवर चालणारं चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. ज्योत विझली, कांडी थंड झाली, की चुंबक सुटतं आणि गॅस बंद होतो. म्हणजे बटण सोडल्यावर पायलट विझतो तेव्हा यंत्र आपलं कामच करत असतं. त्याला वाटतंय की ज्योत नाही. तसं का वाटतंय, एवढंच शोधायचं.

पहिलं कारण घाई. पायलट पेटल्यावरही नॉब पूर्ण आत दाबून तीस सेकंद ते एक मिनिट धरून ठेवा. घड्याळ लावून धरा, अंदाजाने नको. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

दुसरं, ज्योत कांडीपर्यंत पोचते का? पायलटची ज्योत निळी, ठाम आणि कांडीच्या वरच्या सेंटिमीटरभर भागाला वेढणारी हवी. ती पिवळी, मऊ, डुलणारी असेल किंवा कांडीला नुसती चाटून जात असेल तर पायलट साफ करा. व्हेंट-फ्रीमध्ये तर हे फारच होतं. पायलटच्या नळीच्या बाजूला हवा ओढणारं बारीक छिद्र असतं, त्यात गालिच्याचे तंतू आणि कुत्र्या-मांजराचे केस अडकतात. त्या छिद्रातच हवेच्या डब्याची नळी धरून दोन-तीन फुंकर मारल्या की पिवळी ज्योत पुन्हा निळी होते.

तिसरं, कांडीवर जमलेली पांढरी-काळी पुटं. सगळं थंड असताना अगदी बारीक स्टील वूलने हलकेच घासा. चौथं, कांडीची तार व्हॉल्व्हला जिथे बसते ते नट. ते हाताने घट्ट करून मग पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळलं तर टोक चेपतं आणि नवी कांडी घ्यावी लागते.

एवढं करूनही टिकत नसेल तर थर्मोकपल गेलेलं आहे. त्याची किंमत थोडी असते. बदलायला हात स्थिर असेल तर घरी जमतं, नसेल तर माणूस बोलवा.

पायलट छान, पण ओंडक्यांखालचा बर्नर पेटत नाही

नॉब 'पायलट'वरच राहिलाय का ते बघा. तो 'ऑन'वर फिरवायचा असतो. हसू नका, माझ्याकडून दोनदा झालंय. मग भिंतीवरचा स्विच. रिमोट असेल तर आतल्या रिसीव्हरच्या डबीवर तीन जागांची सरकपट्टी असते: ऑन, रिमोट, ऑफ. साफसफाई करताना ती 'ऑफ'वर जाते. रिमोटच्या बॅटऱ्या सगळे बदलतात, रिसीव्हरच्या कुणी बदलत नाही. त्या बिचाऱ्या आत उष्णतेत बसलेल्या असतात आणि लवकर संपतात.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर थर्मोपाइलकडे या. ही थर्मोकपलपेक्षा जाड कांडी, त्याच पायलटच्या ज्योतीत. मुख्य बर्नरचा व्हॉल्व्ह हिच्या विजेवर उघडतो. मल्टिमीटर असेल तर मिलिव्होल्टवर लावून, पायलट चालू आणि बर्नर बंद असताना, व्हॉल्व्हवरच्या 'टीपी' आणि 'टीएच-टीपी' या दोन स्क्रूंवर टोकं टेकवा. ५००च्या आसपास आकडा आला तर तब्येत उत्तम. ३२५च्या खाली गेला तर बहुतेक व्हॉल्व्ह उघडत नाहीत. आधी ज्योत आणि कांडी साफ करून पुन्हा मोजा, तरीही कमी आलं तर थर्मोपाइल बदलायची.

मीटर चांगला दाखवतोय, पण बर्नर पेटत नाही? मग 'टीएच' आणि 'टीएच-टीपी' या स्क्रूंना तारेच्या छोट्या तुकड्याने क्षणभर जोडा. बर्नर पेटला, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे आणि दोष स्विचमध्ये, त्याच्या तारेत किंवा रिसीव्हरमध्ये आहे. जुने स्विच आतून गंजतात, आणि एवढ्याशा विजेला तेवढा गंजही पुरतो. स्विच बदलताना एक पक्कं लक्षात ठेवा: या तारांना घरातली १२० व्होल्टची वीज कधीही जोडायची नाही. व्हॉल्व्ह जळतो, आणि पुढचा धोका त्याहून मोठा.

नवीन यंत्रांत सतत तेवणारा पायलट नसतो. स्विच दाबला की ठिणगी पडते, पायलट लागतो, मग बर्नर. तिथे टकटक आवाज येत राहून काहीच पेटत नसेल, किंवा पेटून लगेच विझत असेल, तर ज्योत ओळखणारी पातळ सळई साफ करा. काही प्रयत्नांनंतर ही यंत्रं स्वतःला कुलूप लावून घेतात. ते काढायची रीत पुस्तिकेत असते. यांना वीज लागते, पण बहुतेकांत बॅटरीचा कप्पा दिलेला असतो. वादळात वीज जाण्यापूर्वी तो शोधून ठेवा. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा सतत पायलट असलेल्या फायरप्लेस विजेशिवायही पेटू शकत होत्या. आणि त्याच दिवसांत ऊब मिळवण्याच्या नादात कार्बन मोनॉक्साइडने माणसंही गेली. म्हणून अलार्मची बॅटरी आधी, फायरप्लेसची नंतर.

थोडा वेळ चालून आपोआप विझते

डायरेक्ट व्हेंट असेल तर कोट घालून बाहेर जा. वादळानंतर भिंतीवरची टोपी बर्फाच्या ढिगाखाली गेलेली असते. फायरप्लेस बंद करून, टोपी थंड झाल्यावर, हाताने बर्फ बाजूला करा. फावड्याने ठोकू नका, पत्रा वाकतो. उन्हाळ्यानंतर तिथे पक्ष्यांचं घरटंही सापडतं. काच काढून पुन्हा बसवली असेल तर कडेची दोरीसारखी पट्टी नीट बसलीय का बघा. ज्योत निळी, भुतासारखी बर्नरवरून उचलली जाऊन तरंगत विझत असेल, तर जळलेली हवाच परत आत येतेय. अशा वेळी पुन्हा पेटवायची नाही, तज्ज्ञालाच बोलवायचं.

व्हेंट-फ्री असेल, पायलट स्वच्छ असेल आणि तरी तासा-दीड तासाने विझत असेल, तर खोलीतला प्राणवायू कमी होतोय. दार उघडा, खिडकी फटभर उघडा. विझण्याचा त्रास नको म्हणून त्या सेन्सरशी खेळणारे लोक मी ऐकले आहेत. कृपा करून तसं करू नका. त्याच खोलीत कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. या जातीतून पाण्याची वाफही खोलीतच सुटते, ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) बर्नर तासाला लिटरभराहून जास्त. खिडक्यांना घाम फुटतोय, कोपऱ्यात बुरशी धरतेय, तर कारण हे असू शकतं.

प्रोपेनवाल्यांनी टाकीचा काटाही बघावा. कडाक्याच्या थंडीत आणि टाकी तळाला गेलेली असताना दाब उतरतो आणि सगळीच ज्योत मंदावते.

काजळी

व्हेंटेड ओंडक्यांवर ज्योत लागते तिथे थोडी काजळी धरणं नेहमीचं आहे. डायरेक्ट व्हेंटच्या काचेवर काळं येणं किंवा व्हेंट-फ्रीमध्ये भिंतीवर काळपट झाक दिसणं नेहमीचं नाही. तिथे थांबा.

बहुतेक वेळा दोष ओंडक्यांच्या मांडणीत असतो. साफसफाईसाठी काढले, मग डोळ्यांना छान दिसतील तसे परत ठेवले. पण प्रत्येक ओंडक्याची जागा ठरलेली असते, खाली खुंट्या असतात, पुस्तिकेत चित्र असतं. ज्योतीच्या वाटेत ओंडका आला की ज्योत त्यावर आपटून थंड होते, जळण अर्धवट राहतं आणि कार्बन सुटतो: काजळी हा त्याचा दिसणारा भाग, मोनॉक्साइड न दिसणारा. म्हणून पुढच्या वेळी ओंडके काढण्याआधी फोनवर फोटो घ्या.

दुसरं कारण निखाऱ्यांसारखा दिसणारा, न जळणाऱ्या रॉक वूलचा कापूस. तो बोटांनी पिंजून, छोट्या नाण्याएवढे विरळ तुकडे करून ठेवायचा असतो. सुंदर दिसावं म्हणून गादीसारखा थापला तर बर्नरची भोकं बुजतात. काही व्हेंटेड संचांत बर्नरच्या तबकात वाळू भरतात. चिमणीतून पाणी आलं तर ती दगडासारखी घट्ट होते, मग बदलावी लागते. नैसर्गिक वायूला वाळू आणि प्रोपेनला व्हर्मिक्युलाइट (हलके, फुगीर खनिज दाणे) असा भेद असतो, तो मोडू नका. आणि एका गॅसचा संच दुसऱ्या गॅसवर जोडणं तर पूर्णपणे वर्ज्य, त्यांची छिद्रंच वेगळ्या मापाची असतात.

हे सगळं बरोबर असूनही काजळी येत असेल तर बर्नरकडे जाणाऱ्या हवेची झडप जुळवावी लागते. ते काम तज्ज्ञाचं.

ओंडके साफ करायचे ते मऊ ब्रशने, थंड असताना, तोंडाला मास्क लावून. सिरॅमिक फायबरची धूळ फुप्फुसांत जायला नको. पाणी अजिबात नको. ओंडका तुटला तर त्याच मॉडेलचा आणा. दुसऱ्या संचातला बसत असला तरी नको.

चिमणीची ओढ आणि आपली उदबत्ती

व्हेंटेड ओंडके असलेल्यांनी हे दर मोसमात करावं. डँपर पूर्ण उघडा आहे आणि क्लिप जागेवर आहे, हे टॉर्च घेऊन डोळ्यांनी बघा. मग ओंडके पेटवा आणि दहा मिनिटांनी पेटवलेली उदबत्ती फायरप्लेसच्या वरच्या कडेशी धरून डावीकडून उजवीकडे न्या. धूर आत ओढला गेला तर चिमणी काम करतेय. धूर खोलीत परत येत असेल तर ताबडतोब बंद करा. स्वयंपाकघरातला हवा बाहेर टाकणारा मोठा पंखा चालू असेल तरी असं होतं, म्हणून पंखा चालू ठेवूनही एकदा बघा. गॅसगळती मात्र उदबत्तीने कधीही शोधायची नाही. त्यासाठी साबणाचा फेस सांध्यांवर लावायचा, बुडबुडे येतात का बघायचं.

वास आणि आवाज

नवीन ओंडक्यांचा पहिल्या काही तासांत रंगासारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो. मोसमाच्या पहिल्या दिवशी येतो तो धुळीचा. व्हेंट-फ्रीवाल्यांना एक वेगळा, रॉकेलसारखा वास येतो, तो बहुधा खोलीतल्या हवेचाच असतो. फोडणीची वाफ, तळणाचा धूर, धूप, सुगंधी मेणबत्त्या, नवा रंग, हे सगळं ज्योतीतून जाऊन जळतं. चकल्या तळायच्या दिवशी ती बंदच ठेवा.

पत्रा तापताना-निवताना कडकड वाजतो, त्यात काही नाही. शीळ बहुधा लवचीक नळीतून येते. पण पेटताना 'भप्प' असा आवाज आला, ज्योत उशिरा आणि एकदम भडकली, तर आत गॅस साचून पेटतोय. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत हात लावू नका.

काचेवरचा पांढुरका थर फायरप्लेससाठी मिळणाऱ्या मलमासारख्या क्लीनरने निघतो. अमोनिया असलेलं खिडक्यांचं औषध वापरलं तर काच कायमची धुरकट होते. चालू असताना ही काच २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते, आणि बंद केल्यावरही बराच वेळ तशीच राहते. २०१५पासून बनलेल्या यंत्रांना पुढे संरक्षक जाळी सक्तीची आहे. जुनं यंत्र असेल आणि घरात रांगणारं मूल असेल तर जाळी विकत आणा.

माणूस बोलावताना

वर्षातून एकदा तपासणी करून घ्याच, शक्यतो सप्टेंबरात. पहिली थंडी पडली की महिना-महिना वेळ मिळत नाही. नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. फोनवर चार गोष्टी सांगा: पत्र्यावरचं मॉडेल, गॅस कोणता, तीनपैकी जात कोणती, आणि नेमकं काय होतंय. "चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो एकदा बघायला आणि एकदा सुटा भाग घेऊन, असा दोनदा येईल आणि दोन फेऱ्यांचे पैसे घेईल. "पायलट मिनिटभर धरला तरी टिकत नाही, ज्योत निळी आहे, कांडी साफ केली, नट आवळला" असं सांगितलं तर येतानाच तो थर्मोकपल खिशात घेऊन येतो.